शिवाशिवीचा खेळ आणि शाळेची सहल

मराठीत ‘शिवाशिवी’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. पहिला पोरांच्या खेळातला. एकावर राज्य येते, तो दुसऱ्याला शिवायला धावतो, शिवला की राज्य उतरते. दुसरा अर्थ गावाने आपल्या बापजाद्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालविला. त्यात राज्य कधी उतरतच नव्हते. एकाच शब्दात खेळ आणि गुलामगिरी सुखाने नांदतात हे भाषेच्या पंडितांना खटकल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

हा शब्द आठवण्याचे कारण शिक्षणाचा इतिहास. तो आपल्याकडे वर्गाच्या चार भिंतींत लिहिला जातो. १८४८ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात काढलेली शाळा, १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी ठेवलेले निवेदन, मग प्रवेशाचे सरकारी ठराव, शिष्यवृत्त्या, वसतिगृहे. या इतिहासाचे मोल कमी नाही. परंतु शाळेला मैदान असते, स्पर्धा असतात, वर्षातून एकदा सहल निघते. वर्गात पोराला गोणपाटावर वेगळे बसविता येते. मैदानात त्याला वेगळा कसा खेळविणार? आणि सहलीला निघालेल्या पोराला वाटेत तहान लागली तर? शाळेच्या भिंतीबाहेर पाऊल पडले की व्यवस्थेला आपले दात लपविता येत नाहीत. म्हणून या बाहेरच्या शाळेचा इतिहास आपण लिहिला पाहिजे. दुसरा कोणी तो लिहिणार नाही.

आधी मैदान घेऊ. हुतूतू हा मुळी शिवण्याचाच खेळ. चढाई करणारा समोरच्या गड्याला शिवून, दम न सोडता मध्यरेषेवर परतला की तो गडी बाद. पकड झाली तर चार-चार जण एकाला मिठी मारतात. खो-खोमध्ये पाठीमागून हात लावून ‘खो’ दिल्याशिवाय पुढचा खेळाडू उठत नाही. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनमध्ये ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली, त्यांत कबड्डी होती. जगाला शिवण्याचा खेळ दाखविणाऱ्या या देशात त्या वेळी पाणवठ्यावर कोणी कोणाला शिवायचे नाही हा नियम चालू होता. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती.

क्रिकेटमध्ये अंगाला अंग लावण्याची गरज नसते. तरी तेथेही सुटका नव्हती. चांभार समाजात जन्मलेले बाळू पालवणकर पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर मैदानाची कामे करता करता गोलंदाज झाले. हिंदूंच्या संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती, पण चहाच्या वेळी त्यांना पॅव्हिलियनबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. चेंडू सर्वांच्या हातांतून फिरत होता, तो बाटत नव्हता. कप बाटत होता! १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात याच बाळूंनी शंभरावर बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र त्यांना मिळाले नाही. ते त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांच्याकडे १९२३ साली आले, तेही भावांनी संघाबाहेर राहून निषेध नोंदविल्यानंतर. विठ्ठलरावांचे मराठी आत्मवृत्त १९४८ साली प्रसिद्ध झाले. आपल्या क्रीडाशिक्षकांपैकी किती जणांनी ते पाहिले आहे?

मैदानापेक्षा प्रवास अधिक बोलका आहे. बाबासाहेबांनी आपल्या अनुभवांचे एक छोटे इंग्रजी टिपण लिहून ठेवले होते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली प्रसिद्ध केले. मराठीत ते ‘व्हिसाच्या प्रतीक्षेत’ म्हणून ओळखले जाते. त्यात दोन प्रवास आहेत आणि माझ्या मते ते दोन्ही शाळेच्या इतिहासाचे साधन आहे.

पहिला १९०१ चा. उन्हाळ्याची सुटी. साताऱ्याला राहणारी ही मुले वडिलांना भेटायला गोरेगावला निघाली, बरोबर मोठा भाऊ आणि बहिणीची मुले. नवे कपडे, जरीच्या टोप्या, रेल्वेचा पहिला प्रवास. कोणत्याही शाळकरी पोराला होतो तोच आनंद. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळली आणि कोणी गाडीवान त्यांना नेईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, पण अट अशी की गाडी मुलांनी हाकायची आणि त्याने पायी चालायचे. शिदोरी भरपूर होती, पाणी नव्हते. रात्रभर कोणी दिले नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलाचे हे ‘बाहेरचे शिक्षण’. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत निसर्गाच्या सान्निध्यात होणाऱ्या व्यक्तिमत्त्वविकासावर प्रकरणे असतात. त्यांत पाण्यावर एक ओळ नसते.

दुसरा प्रवास १९३४ चा, आणि तो आम्हा मराठवाड्यातल्यांच्या घरचा. चळवळीतल्या सहकाऱ्यांनी बाबासाहेबांकडे हट्ट धरला की एखाद्या सहलीला जाऊ. सभा नाही, सत्याग्रह नाही, निव्वळ सहल. काहीही झाले तरी वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच असे ठरले. तीसेक माणसे बस आणि मोटारी भाड्याने घेऊन नाशिकहून येवलामार्गे निघाली. वाटेत दौलताबादचा किल्ला होता. किल्ला निजामाच्या राज्यात, म्हणजे तेव्हा आमचा परभणी जिल्हा ज्या राज्यात होता त्याच राज्यात. गावच्या आपल्या लोकांनी चहासाठी थांबण्याचा आग्रह केला. पण अंधारापूर्वी किल्ला बघून होऊ दे, परतताना चहा घेऊ, असे म्हणून मंडळी पुढे गेली.

किल्ल्याच्या दरवाजाबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेला एक लहान हौद होता. प्रवासाची धूळ अंगावर होती. काही जणांनी सहज हातपाय धुतले, तोंड धुतले. मंडळी दरवाजात जाऊन परवानगीची चौकशी करू लागली, तोच मागून एक म्हातारा, हौद बाटविला म्हणून ओरडत आला. महिना रमजानचा. बघता बघता जमाव झाला, शिवीगाळ सुरू झाली. बाबासाहेबांनी विचारले की तुमचा धर्म हेच शिकवितो काय, आणि उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही पाण्यापासून अडविणार काय? त्यावर कोणी बोलेना. अखेर आत सोडले ते एका अटीवर: किल्ल्यात कोठेही पाण्याला शिवायचे नाही. त्यासाठी एक हत्यारबंद शिपाई बरोबर दिला. ज्या माणसाने कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली होती, तो यादवांच्या राजधानीत पहाऱ्याखाली सहल करीत होता.

या हकिगतीचा उपयोग काही मंडळी मुसलमानांविरुद्ध करतात. ते संपूर्ण टिपण वाचत नाहीत, कारण त्यातल्या मसूरच्या वाटेवरचे गाडीवान आणि बडोद्याच्या सराईतले पारशी त्यांना अडचणीचे होतात. मला त्यातला दुसराच तपशील महत्त्वाचा वाटतो. जमावाने पाहुण्यांना शिव्या दिल्याच, पण गावातल्या आपल्या लोकांनाही धारेवर धरले. पाहुण्यांना हौदाचा नियम का सांगितला नाही, म्हणून. पाहुणे संध्याकाळी मोटारीत बसून पुढे जाणार होते. यांना तेथेच राहायचे होते. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, सहलीच्या वाटेवरच्या त्याच येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. हौदामुळे ती झाली असे मी म्हणत नाही. रस्ता एक होता एवढेच.

आज परभणी, पाथरी, जिंतूर, गंगाखेडच्या शाळांच्या सहली याच ठिकाणी जातात. डिसेंबर-जानेवारीत एस.टी. सवलतीने मिळते, पहाटे गाडी निघते. माझ्या शाळेची अशी सहल गेली तेव्हा मी आठवीत होतो. वडील सालगडी होते. सहलीचे पैसे त्यांनी मालकाकडून उचल घेऊन दिले. दौलताबादला गुरुजींनी १२९६ ची अल्लाउद्दीनाची स्वारी सांगितली, १३२७ चा तुघलकाचा दरबार सांगितला, तोफ दाखविली. १९३४ सांगितले नाही. वेरूळला गाडी थांबते ती सोळा क्रमांकाच्या कैलासासमोर. मुले ते पाहतात, फोटो काढतात, डबे सोडतात. बाबासाहेबांची मंडळी जी बघण्यासाठी निघाली होती ती बौद्ध लेणी एक ते बारा क्रमांकांची, कैलासापासून चालत जाण्याच्या अंतरावर. वेळ नाही म्हणून ती राहतात. दहाव्या लेण्याला लोक ‘सुताराची झोपडी’ म्हणतात. चैत्यगृहातल्या बुद्धासमोर उभे राहूनही हेच नाव पोरांच्या कानी पडते.

आता मी दरवर्षी इतिहासाचे विद्यार्थी घेऊन जातो, तेव्हा पहिल्या लेण्यापासून सुरुवात करतो. कैलासाला शेवटचा अर्धा तास ठेवतो. काही सहकारी कुरकुरतात. किल्ल्यावर पोहोचल्यावर आत शिरण्यापूर्वी बाहेर थांबून ही हकिगत सांगतो. मुले आपापल्या बाटल्यांतले पाणी पिता पिता ऐकतात. एकदा एका मुलीने विचारले, “सर, मग त्या लोकांनी परतताना चहा घेतला का?” मला तो प्रश्न फार आवडला.

पण गाडीत कोण बसते हाही प्रश्न आहे. दिवाळी सरली की गंगाखेड, सोनपेठ, पालम भागातली कुटुंबे कोयते घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांत आपले लोक आहेत, वंजारी आहेत, लमाण आहेत. शाळांचा सहलीचा हंगाम आणि उसाचा गळीत हंगाम एकच. ज्या पोराचे नाव आठवीच्या हजेरीपटावर आहे ते त्या वेळी फडात मोळ्या बांधत असते, नाहीतर कोपीवर धाकटे भावंड सांभाळीत असते. खेळाडूंसाठी परीक्षेत सवलतीचे गुण आहेत, २००५ पासून शासकीय नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत गेले तरच ते हाती लागते, आणि त्यासाठी वर्षभर एका गावात, एका मैदानावर सराव लागतो. हे पोर सहा महिने गावातच नसते. त्याच्या गैरहजेरीचे कारण म्हणून पटावर ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो. सहलीच्या यादीत त्याचे नाव आले नाही, तर त्याची नोंद कोणत्याच कागदावर होत नाही.