वटवाघळांसाठी उघडलेली तिजोरी

वाघ, हत्ती, गरुड यांच्या रक्षणासाठी सरकारने पैसा खर्च केला, तर त्याचे कोणास नवल वाटत नाही. परंतु ज्याचे घरात शिरणेही आपण अपशकुन मानतो, त्या वटवाघळासाठी एका बलाढ्य राष्ट्राच्या विधिमंडळाने लक्षावधी डॉलर मंजूर केले, ही हकीकत मात्र ऐकण्यासारखी आहे.

२००६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, आल्बनी शहराजवळच्या एका गुहेत, एका हौशी गुहासंशोधकाने निद्रिस्त वटवाघळांचे छायाचित्र घेतले. काहींच्या नाकावर पीठ भुरभुरावे तसा पांढरा थर होता. पुढल्याच हिवाळ्यात त्या परिसरातील गुहांत मेलेल्या वटवाघळांचे ढीग आढळू लागले, आणि या रोगाला ‘पांढऱ्या नाकाचा रोग’ असे नाव पडले.

शीत प्रदेशात हिवाळ्यात कीटक मिळत नाहीत. म्हणून तेथील कीटकभक्षी वटवाघळे शरीरात चरबी साठवून गुहांत महिनोन् महिने निद्रिस्त राहतात. त्या काळात त्यांच्या देहाची उष्णता गुहेच्या उष्णतेइतकीच उतरते आणि रोगप्रतिकाराची शक्तीही मंदावते. नेमकी हीच संधी थंडीत वाढणारी एक बुरशी साधते. ती पंखांची त्वचा पोखरते. प्राणी वारंवार जागा होतो, प्रत्येक जागरणात चरबी जळते, आणि अखेर तो भर हिवाळ्यात अन्नासाठी बाहेर पडून उपासमारीने मरतो. मादीला वर्षाला बहुधा एकच पिल्लू होत असल्याने ही हानी लवकर भरून येत नाही.

या बुरशीचे वर्णन शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये केले आणि तिच्या नावातच ‘विनाशक’ या अर्थाचा लॅटिन शब्द घातला. रोगाचे कारण तीच, हे २०११ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाले. युरोपातील वटवाघळांच्या अंगावरही ती आढळते. तेथे मात्र असा संहार होत नाही. परदेशातून आलेल्या या शत्रूशी अमेरिकेतील जातींची पूर्वी गाठच पडली नव्हती.

२००९ च्या जूनमध्ये प्रतिनिधिगृहाच्या उपसमित्यांपुढे शास्त्रज्ञांच्या साक्षी झाल्या, आणि २०१० च्या अर्थवर्षासाठी काँग्रेसने या रोगाच्या कामी १९ लाख डॉलरांची तरतूद केली. २०११ मध्ये राष्ट्रीय योजना आखण्यात आली. २०१२ च्या वर्षासाठी, संकटग्रस्त जातींच्या निधीतून ४० लाख डॉलर या कामी खर्च करावेत, असा आदेश काँग्रेसने दिला. तो काळ आर्थिक ओढगस्तीचा होता. माणसांनाच काम मिळत नसता वटवाघळांवर पैसा कशाला, असा प्रश्न अशा वेळी सहज निघतो. त्याचे उत्तर शास्त्रज्ञांनी रुपये-आण्यांच्या भाषेतच दिले. वटवाघळे कीटक खातात, त्यामुळे अमेरिकन शेतीचा वर्षाला किमान ३७० कोटी डॉलरांचा लाभ होतो, असा हिशेब २०११ मध्ये प्रसिद्ध झाला होता.

पैशाने काय साधले? संशोधन झाले, राज्याराज्यांतून गुहांची पाहणी झाली, काही गुहा माणसांना बंद करण्यात आल्या, गुहेत शिरणाऱ्यांची वस्त्रे व साधने निर्जंतुक करण्याचे नियम ठरले. परंतु रोग थांबला नाही. २०१२ च्या जानेवारीपर्यंत ५७ ते ६७ लाख वटवाघळे मेली असावीत, असा सरकारी अंदाज होता. २०१६ मध्ये रोग थेट पश्चिमेकडील वॉशिंग्टन राज्यात प्रकटला. लांब कानांची उत्तरी जात २०१५ मध्ये ‘धोक्यात आलेली’ ठरली, तर २०२२ मध्ये ती ‘संकटग्रस्त’ वर्गात घालावी लागली.

या हिशेबाचे दुसरे पान २०२४ मध्ये उघडले. शिकागो विद्यापीठातील एयाल फ्रँक यांनी दाखविले की, जेथे वटवाघळे मेली तेथे शेतकऱ्यांनी कीटकनाशकांचा वापर सुमारे ३१ टक्क्यांनी वाढविला, आणि त्याच भागांत अपघाताखेरीज अन्य कारणांनी होणारे अर्भकमृत्यू सुमारे ८ टक्क्यांनी वाढले. गुहेतील मरणाची झळ पाळण्यापर्यंत पोहोचली ती अशी.

आपल्या उष्ण प्रदेशातील वटवाघळे अशी दीर्घ शीतनिद्रा घेत नाहीत. त्यामुळे या रोगाचे तसे भय आपणांस नाही. परंतु बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, बारापेडे गुहांत, रॉटनच्या नावाने ओळखली जाणारी एक दुर्मीळ जात राहते. १९१३ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन झाले, आणि त्यानंतर कित्येक दशके जगात अन्यत्र ती कोणास ठाऊक नव्हती. एका गुहेवर एका जातीचे भवितव्य कसे अवलंबून असू शकते, हे पाहण्यास आपणांस अमेरिकेला जावे लागत नाही.

अमेरिकेच्या तिजोरीने दिलेले द्रव्य व्यर्थ गेले, असे म्हणता येणार नाही. त्यामुळेच शत्रूची ओळख पटली. परंतु उपयुक्त जिवाची किंमत त्याच्या मरणानंतर मोजली, तर ती फार महाग पडते. जो प्राणी आपणांस आवडत नाही, त्याचा हिशेब तो जिवंत असतानाच मांडणे, हे शहाण्या राज्यकर्त्यांचे काम होय.