ताज्या लाव्हावर फिरायला जाताना काय काळजी घ्यावी?

जुना जालना ज्या काळ्या पाषाणावर वसला आहे, तो म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. त्यावर आपण बिनधास्त वावरतो. आइसलँड किंवा हवाईतला नवा लाव्हाही तसाच काळा दिसतो. पण तो तितका सुरक्षित नसतो.

वरून थंड, आतून तप्त: जाड थराच्या आत उष्णता महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे टिकते. खाली पोकळी असेल तर वरचा पापुद्रा फुटून पाय आत जातो. फोटोसाठीही लाव्हावर चढू नका. आखून दिलेल्या वाटेनेच चाला.

विषारी वायू: सल्फर डायऑक्साइडमुळे खोकला येतो, धाप लागते. दमा असलेल्यांनी आणि लहान मुलांनी लांबच राहावे. ज्वालामुखी समोर आणि वारा पाठीमागून, अशी जागा निवडा. कार्बन डायऑक्साइड जड असतो, खोलगट जागी साचतो आणि त्याला वास नसतो. कापडी मास्क हे वायू अडवत नाही.

समुद्रकिनारा: लाव्हा पाण्यात पडतो तिथल्या पांढऱ्या वाफेत आम्ल आणि काचेचे बारीक कण असतात.

सोबत काय हवे? जाड तळव्याचे बूट, फुल पँट, हातमोजे, भरपूर पाणी आणि बॅटरी. या खडकाच्या कडा काचेसारख्या कापतात.

भारतात कुठे? अंदमानातील बॅरन बेट हा देशातला एकमेव जागृत ज्वालामुखी. पर्यटकांना तो बोटीतूनच पाहता येतो, बेटावर उतरता येत नाही.

निघण्यापूर्वी स्थानिक प्रशासनाची त्या दिवशीची सूचना वाचा. वाट बंद असेल, तर मागे फिरा.