जोंधळा, मका आणि मन

‘जसे अन्न तसे मन’ ही म्हण आपल्याकडे बहुधा उपदेशासाठी वापरली जाते. सात्त्विक खावे, वेळेवर खावे, म्हणजे चित्त प्रसन्न राहते, असे सांगताना ऐकणाऱ्याला ताटातले पदार्थ निवडण्याची मुभा आहे, हे गृहीत धरलेले असते. आहार आणि मनःस्वास्थ्य यांविषयी आज जे विपुल लेखन होते, त्यातही हे गृहीतक शाबूत आहे. ही म्हण अक्षरशः खरी ठरल्याची एक कथा वैद्यकाच्या इतिहासात आहे, आणि तिच्यातील माणसांना निवडीची मुभा मुळीच नव्हती. ती कथा पेलाग्रा या रोगाची. तिचे एक प्रकरण दख्खनच्या पठारावर घडले असल्याने मराठी वाचकाने ती जाणून घ्यावी, असे आम्हांस वाटते.

मका मूळचा अमेरिका खंडातला. कोलंबसानंतर तो युरोपात आला आणि भरघोस पिकतो म्हणून गरिबांचे मुख्य अन्न बनला. इ.स. १७३५ मध्ये स्पेनमधील गास्पार काझाल या वैद्याने अस्तुरियास प्रांतातील शेतकऱ्यांत एक नवा रोग पाहिला. उन्हात उघड्या राहणाऱ्या हातापायांची नि मानेची कातडी लाल होऊन पुढे खरखरीत व काळपट होई, जुलाब लागत आणि रोगी खिन्न, भ्रमिष्ट होत जाई. इ.स. १७७१ मध्ये फ्रापोली या इटालियन वैद्याने त्यास ‘पेलाग्रा’, म्हणजे खरखरीत कातडी, हे लोकांच्या बोलीतले नाव ग्रंथात दिले. उत्तर इटलीतील शेतमजूर तिन्ही त्रिकाळ मक्याची घाटी खाऊन राहत. तेथील वेड्यांच्या इस्पितळांत या रोगाने बुद्धिभ्रंश झालेल्यांची मोठी भरती असे.

मका शतकानुशतके खाणाऱ्या मेक्सिकोतील लोकांना मात्र हा रोग का होत नव्हता? तेथील बायका मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजत ठेवून, मग पाट्यावर वाटत. मक्यात नायसिन हे जीवनसत्त्व असते, पण शरीराला सहजी मिळू नये अशा बंदिस्त रूपात. चुन्याने ते मोकळे होते. शिवाय त्यांच्या जेवणात घेवड्याचे दाणे असत. युरोपने दाणा नेला. तो रांधण्याची रीत मात्र तिकडेच राहिली.

विसाव्या शतकाच्या आरंभी हा रोग अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत उफाळला. इ.स. १९०६ मध्ये अलाबामातील कृष्णवर्णीय मनोरुग्णांच्या इस्पितळात ८८ जणांना तो झाला आणि त्यांपैकी ५७ दगावले. रोग जंतूंमुळे होतो, असा बहुतेक वैद्यांचा समज होता. इ.स. १९१४ मध्ये सरकारने जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरला तपासासाठी धाडले. त्याने पाहिले ते साधेच होते. अनाथालयांत आणि वेड्यांच्या इस्पितळांत रोग फक्त तेथे ठेवलेल्यांना होई. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या सेवकांना कधीच होत नसे. संसर्ग असा पगारपत्रक पाहून माणूस निवडत नाही. फरक होता तो जेवणाचा. त्याने काही संस्थांत दूध, अंडी, मांस आणि कडधान्ये सुरू करविली आणि तेथला रोग जवळजवळ नाहीसा झाला.

तरीही कोणी ऐकेना. इ.स. १९१५ मध्ये मिसिसिपीतील तुरुंगाच्या शेतावर ११ कैद्यांना, शिक्षामाफीच्या बोलीवर, त्याने मक्याचे पीठ, मैदा, भात, साखर असे अन्न काही महिने दिले. सहा जणांना पेलाग्रा झाला. या प्रयोगाकडे आज आपण निर्वेधपणे पाहू शकत नाही, हे नमूद केले पाहिजे. पुढच्या वर्षी संसर्गवाद्यांना उत्तर म्हणून त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रोग्यांचे रक्त स्वतःस टोचून घेतले, त्यांचे मलमूत्रही गिळले. त्याच्या पत्नीनेही रक्त टोचून घेतले. कोणालाही रोग झाला नाही.

आमच्या मते गोल्डबर्गरचे मोठेपण याच्या पुढच्या पायरीत आहे. एडगर सायडेनस्ट्रिकर या अर्थशास्त्रज्ञाबरोबर त्याने दक्षिण कॅरोलायनातील कापडगिरण्यांच्या वस्त्यांत घरोघर फिरून कोण काय खातो आणि कोणाची मिळकत किती, याची नोंद केली. मिळकत जितकी कमी तितका रोग अधिक, असा हिशेब निघाला. मजुरांच्या नशिबी मक्याचे पीठ, डुकराची चरबी आणि काकवी एवढेच होते. आसपासची जमीन घराच्या उंबऱ्यापर्यंत कापसाने व्यापलेली. भाजीचा वाफा किंवा दुभती गाय ठेवण्यास जागाच नव्हती. इ.स. १९२१ मध्ये कापसाचे भाव कोसळले, तेव्हा रोग वाढेल असा इशारा त्याने दिला. दक्षिणेतील पुढाऱ्यांना तो आपल्या प्रांताचा अपमान वाटला. गोल्डबर्गर इ.स. १९२९ मध्ये वारला. इ.स. १९३७ मध्ये एल्व्हेजेम याने निकोटिनिक आम्ल, म्हणजेच नायसिन, हा उपाय दाखवून दिला. त्यानंतर नातेवाइकांनाही न ओळखणारे रोगी काही दिवसांतच भानावर येऊ लागले. म्हणजे ज्यांना आयुष्यभरासाठी वेडे ठरविले होते, त्यांतील कित्येक जण कुपोषित होते.

आता दख्खनकडे वळू. आपल्याकडे मका मुख्य अन्न नव्हता, तरीही हैदराबादेच्या परिसरातील शेतमजुरांत पेलाग्रा आढळे. त्यांचे अन्न ज्वारी. इ.स. १९६० मध्ये सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी असे मांडले की ज्वारीतील ल्यूसिन या अमिनो आम्लाच्या आधिक्याने शरीरातील नायसिनच्या व्यवहारात बिघाड होतो. या उपपत्तीवर पुढे बरेच वाद झाले. मात्र हा रोग ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या निर्धनांचा होता, हे निरीक्षण अबाधित राहिले. ज्वारी तर सोलापूरचा बागायतदारही खातो. त्याच्या भाकरीसोबत पिठले, डाळ, शेंगदाण्याची चटणी, पालेभाजी आणि वाटीभर ताक असते. मजुराच्या भाकरीसोबत मीठ-मिरची. धान्य एकच, शेजार वेगळा.

इ.स. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे म्हणून साजरे केले आणि ज्वारीला शहरांत नवी प्रतिष्ठा आली. याचा आम्हांस आनंदच आहे. जोंधळ्याची निंदा करण्याचा येथे हेतू नाही. परंतु कोणतेही धान्य एकटे पथ्यकर नसते, आणि एकटे अपायकारकही क्वचितच. भाकरीला शेजार मिळवून देते ती मजुरी, परसातली भाजी, गोठ्यातली गाय आणि रांधण्याची पिढीजात रीत. उदास, चिडचिड्या, झोप उडालेल्या माणसाला ‘मन घट्ट कर’ असे सांगणे सोपे असते. मनाचे सर्वच विकार अन्नाने बरे होतात असा भाबडा निष्कर्ष या इतिहासातून काढता येणार नाही. तरी उपदेश करण्यापूर्वी त्याच्या ताटात काय आहे आणि ते तसेच का आहे, हे विचारावे, एवढे तरी गोल्डबर्गरच्या त्या घरोघरच्या नोंदींतून शिकण्यासारखे आहे.