श्वास एक, मोजपट्ट्या अनेक : स्पायरोमीटरचा इतिहास

फुप्फुसांच्या तपासणीच्या अहवालात तीन आकडे महत्त्वाचे असतात : रुग्णाने प्रत्यक्ष सोडलेली हवा, त्याने सोडणे अपेक्षित असलेली हवा आणि या दोहोंचे शेकडा प्रमाण. पहिला आकडा यंत्र मोजते. दुसरा मात्र कोणाला तरी आधी ठरवावा लागतो. तो कोणी आणि कोणाला मोजून ठरवला, हाच या शास्त्राचा खरा इतिहास आहे.

१८४६ मध्ये लंडनमधील वैद्यक जॉन हचिन्सन यांनी स्पायरोमीटरवरील आपला निबंध प्रसिद्ध केला. यंत्र साधे होते. पाण्यात उलटी बुडवलेली टाकी. नळीतून श्वास सोडला की ती वर उचलली जाई आणि हवेचे घनमान कळे. खलाशी, पोलीस, मुष्टियोद्धे, दरिद्री आणि श्रीमंत अशा दोन हजारांहून अधिक लोकांची मोजणी त्यांनी केली. खोल श्वास घेऊन पूर्णपणे सोडलेल्या हवेला त्यांनी 'व्हायटल कपॅसिटी' हे नाव दिले. उंची एका इंचाने वाढली की ही क्षमता सुमारे आठ घनइंचांनी वाढते, हे त्यांना आढळले. क्षयाची चाहूल आणि आयुर्विमा या दोहोंसाठी यंत्र उपयोगी पडेल, अशी त्यांची धारणा होती.

१८६९ मध्ये बेंजामिन गूल्ड यांनी अमेरिकी यादवी युद्धातील सैनिकांची मोजमापे प्रसिद्ध केली. त्यांत कृष्णवर्णीय सैनिकांची क्षमता कमी दिसली. आहार, दारिद्र्य, गुलामगिरी यांचा हिशेब न मांडताच हा फरक वंशाचा गुणधर्म म्हणून रूढ झाला.

१९४७ मध्ये फ्रान्समध्ये तिफेनो यांनी हवेच्या प्रमाणाला वेळेची जोड दिली. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, हे मोजल्याने दम्यासारखा श्वासमार्गातील अडथळा उमगू लागला.

भारतात दीर्घकाळ युरोपीय वंशाच्या लोकांची सूत्रे वापरली गेली; अनेकदा त्यांतून सरसकट दहा टक्के वजा करून. यातला धोका एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. एखाद्याने तीन लिटर हवा सोडली. अपेक्षा चार लिटरची धरली तर प्रमाण ७५ टक्के, ३.६ लिटरची धरली तर ८३ टक्के. ढोबळ सीमारेषा ८० टक्के मानली, तर श्वास तोच असूनही माणूस एका हिशेबात रोगी ठरतो, दुसऱ्यात निरोगी.

म्हणून देशी मापदंडांचे काम महत्त्वाचे. १९६९ मध्ये एस. के. जैन व त्यांच्या सहकाऱ्याने १५ ते ४० वयाच्या निरोगी भारतीय पुरुषांसाठी सूत्रे मांडली. १९८७ मध्ये मुंबईच्या डॉ. फारुख उदवाडिया यांच्या गटाने, तर २०१४ मध्ये दिल्लीतील संशोधकांनी उत्तर भारतातील प्रौढांसाठी अशी सूत्रे दिली. चंदीगडच्या अभ्यासकांनी वेगवेगळी सूत्रे ताडून पाहिली, तेव्हा सूत्र बदलताच निष्कर्षही बदलताना दिसले.

२०१२ च्या जागतिक सूत्रांत भारतीयांसाठी स्वतंत्र गट नव्हता. २०२३ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने वंश न विचारणारे सूत्र वापरण्याची शिफारस केली. तरीही पेच संपत नाही. मापदंड उंच ठेवला तर निरोगी माणूस रुग्ण ठरू शकतो. तो खाली आणला तर चुलीच्या धुराने आणि कुपोषणाने केलेली हानी 'आपल्याकडे असेच असते' म्हणून झाकली जाते.

अहवाल हाती आला की टक्केवारीआधी एक प्रश्न विचारावा : ही अपेक्षा कोणत्या सूत्राची?

#विज्ञानाचा_इतिहास #श्वसनआरोग्य