चवदार तळे आणि विंचवाचा उतारा

महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केले, पण कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा हक्काला जीव आला. त्या दिवशी मार खाल्लेल्या कित्येकांना मुस्लिम घरांनी आसरा दिला.

औषधाचेही तसेच आहे. दवाखान्याची पाटी लागली म्हणजे इलाज पोचला असे नाही. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात आले. तेव्हा लाल विंचू चावून अत्यवस्थ झालेल्या शंभरातले सुमारे चाळीस दगावत. फुप्फुसांत पाणी भरे, हृदय हार खाई. मरणारे बहुधा अनवाणी शेतकरी, मजूर आणि त्यांची मुले. डॉक्टर रात्र रात्र उशाशी बसून लक्षणे टिपत राहिले. रक्तदाबावरची प्राझोसिन ही स्वस्त गोळी विंचवाच्या विषावर चालते, हे त्यांनी पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडले. मृत्यूचे प्रमाण शेकडा एकवर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

गरिबाच्या इलाजाला आपण खैरात म्हणतो. चवदार तळ्याच्या गावाने तरी त्याला हक्क म्हणावे.