आर्केटा पाणथळ

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, हंबोल्ट उपसागराच्या काठी वसलेल्या आर्केटा या सुमारे 18,000 वस्तीच्या गावातील सांडपाणी शुद्धीकरण व्यवस्था आणि पक्षी अभयारण्य. क्षेत्र 307 एकर. पूर्वी या जागेवर गावाचा उकिरडा आणि लाकूड गिरणीचे ओंडके तरंगत ठेवण्याचे तळे होते.

1974 मध्ये राज्याने उपसागरांत सांडपाणी सोडायला मनाई केली. अपवाद एकच: त्या पाण्याने उपसागराचे भले होते, हे दाखवून द्यायचे. आसपासच्या गावांसाठी एकच मोठा, खर्चिक प्रकल्प उभारण्याचे घाटत होते. आर्केटाने त्यातून अंग काढून घेतले आणि अपवादाची वाट धरली. हंबोल्ट विद्यापीठातील रॉबर्ट गिअरहार्ट आणि जॉर्ज ॲलन हे प्राध्यापक यात पुढे होते. ॲलन तर प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात समुद्राचे पाणी मिसळून त्यात सामन माशांची पिल्ले वाढवीत असत. 1979 पासून प्रयोग झाले. 1986 मध्ये पूर्ण व्यवस्था सुरू झाली.

मैलापाणी आधी जाळीतून आणि निवळण टाक्यांतून जाते. तळाचा गाळ बंद टाकीत कुजवतात. मग उथळ तळी येतात. तिथे जिवाणू घाण खातात आणि त्यांना लागणारा प्राणवायू शेवाळ उन्हात तयार करते. मात्र त्यामुळे पाणी हिरवेगार होते, म्हणजे शेवाळ हीच नवी घाण ठरते. पाणथळाचे खरे काम इथून पुढे. पाणकणीस आणि लव्हाळ्याच्या कुळातील उंच वनस्पती पाण्यावर दाट सावली धरतात. ऊन तुटले की शेवाळ मरून खाली बसते. बुडालेल्या देठांवर जिवाणूंचा थर असतो, तो उरलेले काम करतो. ‘वनस्पती पाणी शुद्ध करतात’ असे सरसकट लिहिले जाते. इथे त्यांच्या सावलीलाही तितकेच श्रेय द्यायला हवे. मूळ रचनेत हे पाणी क्लोरीन देऊन अभयारण्यातील तीन पाणथळांत सोडत, आणि तिथून परत आणून पुन्हा निर्जंतुक करत. कारण शेकडो जातींचे पक्षी जिथे उतरतात, तिथे त्यांची विष्ठाही पाण्यात पडणारच.

हिवाळा हा इथला पावसाळा. तेव्हा जुन्या, गळक्या गटारवाहिन्यांत जमिनीतले पाणी शिरते आणि प्रकल्पावरचा भार कितीतरी वाढतो. समोरच्या उपसागरात कालवांची शेती असल्याने या दिवसांत पाण्याकडे डोळ्यात तेल घालून पाहावे लागते.

प्रकल्प समुद्रसपाटीलगत, जुन्या बांधांआड आहे. या उपसागराभोवतीची जमीन खचत असल्याने समुद्र चढण्याचा इथला वेग कॅलिफोर्नियात सर्वाधिक मानला जातो.