वाळूने गिळलेले चर्च

डेन्मार्कचे जटलंड हे द्वीपकल्प उत्तरेकडे बोटासारखे निमुळते होत जाते. त्याच्या टोकावर स्कागेन हे कोळ्यांचे गाव वसले आहे. गावापलीकडे, ग्रेनेन नावाच्या वाळूच्या पट्ट्यापाशी, स्कागेराक आणि कात्तेगात हे दोन समुद्र एकमेकांना भिडतात. विद्यार्थी-विनिमय योजनेतील मुलांसमवेत आम्ही तेथे एक दिवस गेलो, तेव्हा शेजारच्याशी बोलायचे म्हटले तरी ओरडावे लागे, असा वारा होता. मुलांना दोन समुद्रांच्या भेटीचे अप्रूप. आम्हांला मात्र गावाबाहेर वाळूच्या टेकाडांत एकाकी उभ्या असलेल्या पांढऱ्या मनोऱ्याने खिळवून ठेवले.

हा मनोरा संत लॉरेन्स यांच्या चर्चचा. १४व्या शतकाच्या उत्तरार्धात ते बांधले गेले. १४१३ साली राजा एरिकने स्कागेनला शहराचे हक्क दिले. मासेमारी आणि गलबतांची ये-जा यांवर गाव भरभराटले होते. १५३६ साली डेन्मार्कने ल्यूथरपंथ स्वीकारला. उपासनेची रीत पालटली. पण कोळ्यांचे चर्च तेच राहिले.

पुढचे संकट मात्र वाळूचे होते. सरपणासाठी झाडे तुटली, टेकाडांवरचे गवत गुरांनी ओरबाडले. वाळूला धरून ठेवणारी मुळेच गेली, तेव्हा वाऱ्याला रान मोकळे झाले. शेते बुजली, कुरणे बुजली. १८व्या शतकाच्या अखेरीस वाळूची रास चर्चच्या भिंतींना भिडली. उपासनेला येणाऱ्या भाविकांना आधी खणून दार मोकळे करावे लागे. अखेर १७९५ साली राजाज्ञेने चर्च बंद झाले. पुढे मुख्य इमारत पाडण्यात आली. मनोरा तेवढा राखला, कारण दर्यावर्दींना तो खुणेचा होता. हान्स ख्रिश्चन अँडरसन १८५९ साली येथे येऊन गेला आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आपल्या एका कथेत त्याने या गाडलेल्या चर्चला अमर केले.

या इतिहासातून एक गोष्ट ध्यानी येते. १४१३ सालीही वारा हाच होता. बदलली होती ती जमीन. ज्यांनी झाडे तोडली ते काही दुष्ट नव्हते. चूल पेटवण्यासाठी त्यांना लाकूड हवे होते. पण एकेका घराची गरज एकत्र झाली आणि सगळ्या गावाच्या सामायिक देवघरावर आली. उपायही तसाच झाला. चिवट गवताचे एकेक रोप हाताने लावत, पाइनची झाडे वाढवत पुढील पिढ्यांनी वाळूला बांध घातला. दक्षिणेकडील रोब्येर्ग मिले हा सुमारे ४० मीटर उंचीचा वाळूचा डोंगर तेवढा मुद्दाम मोकळा ठेवला आहे. तो आजही दरवर्षी कित्येक मीटर पूर्वेकडे सरकतो.

पूर्वजांनी काय भोगले, हे नातवंडांना पुस्तकाशिवाय कळावे म्हणून राखलेला तो धडाच होय. किनाऱ्यावर राहणाऱ्या कोणत्याही समाजाने तो गिरवावा, असे आम्हांस वाटते.